तीस फेऱ्या

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांना पोहता येतं? हात वर करा बघू! छान. आता ज्यांनी हात वर केले त्यांनी मनातल्या मनात सांगायचं, न थांबता तुम्ही किती फेऱ्या मारू शकता? दोन? पाच? दहा?

आज मी तुम्हांला तीस फेऱ्यांची गोष्ट सांगणार आहे. मोठ्या स्पर्धांचा तलाव ५० मीटर लांब असतो. त्याच्या तीस फेऱ्या म्हणजे १५०० मीटर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं की एक फेरी, तिथून परत आलं की दुसरी. धावण्याच्या ४०० मीटरच्या मैदानाला पावणेचार चकरा मारल्या की १५०० मीटर होतात. तुमच्यातले धावणारे लगेच म्हणतील, “हात्तिच्या, एवढंच ना!”

पण थांबा. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असतं. धावताना हवेला बाजूला सारावं लागतं हे आपल्या लक्षातही येत नाही. पोहताना मात्र पाणी पावलोपावली अडवतं. शिवाय त्यात एक गंमत आहे. तुम्ही वेग दुप्पट करायला गेलात, तर पाण्याचा विरोध दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होतो! म्हणजे पाण्याशी जितकी घाई कराल तितकं ते जास्त भांडतं. म्हणूनच चांगले पोहणारे पाण्याला मारत नाहीत. ते अंग सरळ, लांब, काठीसारखं ठेवतात आणि पाण्यातून वाट काढतात.

२०२४ साली पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या बॉबी फिंकने हे अंतर १४ मिनिटं ३०.६७ सेकंदांत पार करून विश्वविक्रम केला. त्याच देशाच्या केटी लेडेकीने २०१८ साली यासाठी १५ मिनिटं २०.४८ सेकंद घेतले होते. आता एक गोष्ट ऐकून तुम्हांला, विशेषतः मुलींना, नवल वाटेल. पुरुषांची १५०० मीटरची शर्यत ऑलिम्पिकमध्ये १९०८ पासून आहे. बायकांसाठी ती पहिल्यांदा झाली ती टोकिओत, २०२१ साली! तब्बल ११३ वर्षांनी. तोवर ऑलिम्पिकमध्ये बायकांची सर्वांत लांब शर्यत तलावात ८०० मीटरचीच होती, तीही १९६८ पासून. लेडेकीने ती पहिली शर्यत जिंकली.

पण हे झालं जगातल्या सर्वांत वेगवान माणसांचं. माझी गोष्ट त्यांची नाही. ती वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पाण्यात पहिलं पाऊल टाकणाऱ्या आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा तीस फेऱ्यांच्या शर्यतीत उतरणाऱ्या एका बाईची आहे. ती बाई म्हणजे मीच.

तुम्ही विचाराल, “एवढी वर्षं काय करत होता, काकू?” सांगते. माझं माहेर सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी. आमच्या गावात मुलगे सहा-सात वर्षांचे झाले की पोहायला शिकत. कुणाच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधलेला, कुणाच्या पांगाऱ्याचा बिंडा, कुणी ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये बसलेला. आठ-पंधरा दिवसांत भोपळा सुटायचा आणि पोरगं विहिरीत मुटके मारायला लागायचं. आम्ही मुली घाटावर धुणं घेऊन बसायचो. मुलींनी पोहू नये असं कुणी आम्हांला कधी सांगितलं नाही. कुणी शिकवलं मात्र नाही. धुणं पिळायचं, बादली भरायची आणि घरी जायचं. माझी आई लग्न होऊन त्या गावात आली, पन्नास वर्षं नदीशेजारी राहिली, पण गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेली नाही.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगली-कोल्हापूरचा तो महापूर तुमच्या आई-बाबांना नक्की आठवत असेल. मी पुण्यात होते. आई गावात एकटी. पाणी अंगणात आलं, मग पायरीवर, मग घरात. शेजाऱ्यांनी तिला त्यांच्या माडीवर नेलं. दोन रात्री ती तिथे होती. फोन लागायचा, मध्येच तुटायचा. तिसऱ्या दिवशी बोट आली. बोटीत बसताना आई इतकी घाबरली की दोघांना तिला धरून बसवावं लागलं. पुण्याला आणल्यावर ती बरेच दिवस काही बोलली नाही. मग एका संध्याकाळी म्हणाली, “पन्नास वर्षं शेजार केला गं त्या पाण्याचा, पण ओळख अशी कधी झालीच नाही.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्याच महिन्यात मी आमच्या भागातल्या तलावावर बायकांच्या बॅचला नाव घातलं.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा हं. पोहता आलं म्हणून कुणी पुराच्या पाण्यात उतरत नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा नाही. पुराला ओढ असते, त्यात झाडं, तारा, पत्रे वाहत येतात. मी शिकायला गेले ते पुराशी लढायला नव्हे, ओळख करून घ्यायला.

पहिल्या दिवशी आमच्या सरांनी पोहायला लावलंच नाही. कठड्याला धरून तोंड पाण्यात घालायचं आणि बुडबुडे सोडायचे, एवढंच. तुम्ही हसाल, पण पोहण्यातली अर्धी विद्या त्या बुडबुड्यांत आहे. श्वास पाण्यात सोडायचा, नाका-तोंडाने, सावकाश. मग मान एका बाजूला वळवून तोंड बाहेर आलं की नुसता आत घ्यायचा. नवखा माणूस पाण्यात श्वास रोखून धरतो, आणि तोंड बाहेर आल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही त्या एका क्षणात उरकायला जातो. मग त्याला दम लागतो आणि त्याला वाटतं आपल्यात ताकद नाही. ताकद असते, बुडबुडे नसतात!

सहा महिन्यांत मी एक फेरी पोहायला लागले, तेवढ्यात २०२० चा मार्च आला आणि सगळे तलाव बंद झाले. पुन्हा सुरू झाले तेव्हा मी बऱ्याच गोष्टी विसरले होते. पुन्हा कठडा, पुन्हा बुडबुडे. पण या वेळी लवकर जमलं. एक फेरी, चार फेऱ्या, दहा फेऱ्या. २०२४ च्या उन्हाळ्यात सर म्हणाले, “ताई, नोव्हेंबरात मास्टर्सची स्पर्धा आहे. १५०० ला नाव देऊ का तुमचं?”

मास्टर्स म्हणजे मोठ्या माणसांची पोहण्याची स्पर्धा. त्यात वय वर्षे २५ पासून पाच-पाच वर्षांचे गट असतात. २५ ते २९, ३० ते ३४, असं करत करत थेट नव्वदीच्या पुढेही! आपल्या वयाच्या लोकांशीच स्पर्धा. जागतिक मास्टर्स स्पर्धा १९८६ पासून भरतात.

मी घरी सांगितलं. आई म्हणाली, “कशाला गं हे आता? पडशील-बिडशील कुठं.”

“अगं आई, पाण्यात कोण पडतं?”

“पाण्यातच तर पडतात!” आई म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मला शर्यत जिंकायची नव्हती. मला भीती होती ती वेगळीच. सगळ्यांचं पोहून झालंय, तलाव रिकामा आहे, काठावर शंभर माणसं उभी आहेत आणि मी एकटी हातपाय मारते आहे, हे चित्र मला रात्री झोपताना दिसायचं. तुम्हांला कधी दिसलंय असं चित्र? वर्गात सगळ्यांचा पेपर लिहून झालाय आणि आपलाच राहिलाय? मग तुम्हांला माझं म्हणणं बरोबर कळेल. त्यात आयोजकांनी वेळेची मर्यादा घातली होती, ४५ मिनिटं. त्याच्या आत काठाला हात लागला नाही, तर शर्यत पूर्ण झाली असं धरणार नव्हते.

मग आम्ही गणित मांडलं. माझी एक फेरी निवांत पोहून ८० सेकंदांची व्हायची. ८० गुणिले ३० म्हणजे २४०० सेकंद, म्हणजे बरोब्बर ४० मिनिटं. पाच मिनिटं शिल्लक. पण तीसही फेऱ्या ८० सेकंदांच्या होतील असं कुणी सांगितलंय? अंगात ताकद असते तेव्हा पहिल्या चार फेऱ्या ६५ सेकंदांत मारायचा मोह होतो. आपण श्वासातून जेवढा ऑक्सिजन घेतो त्यापेक्षा जास्त जोर काढायला गेलो, की स्नायू ऑक्सिजनवाचून शक्ती मिळवायला लागतात. ही शक्ती झटपट मिळते, पण फार वेळ पुरत नाही. मग हात शिशासारखे जड होतात आणि पुढच्या सव्वीस फेऱ्या त्या चार फेऱ्यांचं व्याज फेडण्यात जातात.

सरांनी युक्ती सांगितली. “ताई, तीस फेऱ्या आहेत हे विसरा. दहा-दहाचे तीन भाग करा. पहिल्या दहा, देवळात प्रदक्षिणा घालता ना, तशा घाला. घाई नाही, गडबड नाही. मधल्या दहा नुसत्या मोजायच्या. शेवटच्या दहा तुमच्या. त्यात काय करायचं ते तुम्ही ठरवा.”

पाच महिने मी आठवड्यातून चार दिवस पहाटे तलावावर जात होते. आधी ४०० मीटर, मग ८००, मग १२००. पूर्ण १५०० मी शर्यतीआधी फक्त दोनदा पोहले, एकदा ४१ आणि एकदा ४२ मिनिटांत. दोन्ही वेळा घरी येऊन दुपारी बारापर्यंत झोपले!

शर्यतीचा दिवस उजाडला. नोव्हेंबरातली सकाळ, पाणी चांगलंच गार. आई पायरीवर शाल घेऊन बसली होती. आम्ही आठ लेनमध्ये आठ जणी, वेगवेगळ्या वयोगटांतल्या. मास्टर्समध्ये उडी न मारता पाण्यातूनच भिंतीला पाय लावून सुरुवात केली तरी चालते, तशी मी केली.

आता एक अडचण तुम्हांला सांगायची राहिली. पाण्यात फेऱ्या मोजणं महाकठीण असतं! सतरावी झाली की अठरावी, हे काही केल्या आठवत नाही. म्हणून लांबच्या शर्यतीत पलीकडच्या टोकाला एक जण आकड्यांचे पुठ्ठे घेऊन बसतो आणि किती फेऱ्या उरल्या ते दाखवतो. तो पलीकडच्याच टोकाला असल्याने आपल्याला फक्त विषम आकडे दिसतात. २९, २७, २५... असं करत शेवटी १. माझे पुठ्ठे धरायला आठवीतली एक मुलगी होती. तिची स्वतःची शर्यत आदल्या दिवशीच झाली होती आणि आज ती मदतीला आली होती. “काकू, मी बरोब्बर दाखवीन, तुम्ही मोजूच नका,” असं तिने मला आधीच सांगून टाकलं.

शिट्टी झाली. बाकीच्या सात जणी माझ्या डोळ्यांदेखत पुढे निघून गेल्या. मी प्रदक्षिणा सुरू केली. २९. २७. २५. पाणी गार असलं तरी चार फेऱ्यांनंतर अंग गरम झालं. बुडबुडे, श्वास. बुडबुडे, श्वास. शेजारच्या लेनमधली बाई मला एक फेरी मागे टाकून गेली, मग आणखी एक. २१ चा पुठ्ठा दिसला आणि परत अलीकडे आले तेव्हा पहिल्या दहा संपल्या होत्या. मला खरंच छान वाटत होतं.

मधल्या दहा मात्र लांबलचक होत्या. १९, १७, १५. तळाच्या फरशा, त्यावरची काळी रेघ, पुन्हा फरशा. मी पाढे म्हणून पाहिले. भाजीची यादी केली. १३. आणि मग एकोणिसाव्या फेरीच्या शेवटी, भिंत पाच-सहा हातांवर असताना, उजव्या पोटरीत गोळा आला. ज्यांना कधी आला असेल त्यांना सांगायला नको. पोटरीचा दगड होतो. मी कशीबशी भिंतीला हात लावला आणि थांबले.

नेमक्या त्याच वेळी पलीकडून टाळ्या ऐकू आल्या. पहिली आलेली बाई पोहून संपली होती. २६ मिनिटं झाली होती आणि माझ्या अजून अकरा फेऱ्या उरल्या होत्या.

फ्रीस्टाइलच्या नियमांत एक सोय आहे. थांबलं, तळावर उभं राहिलं तरी बाद करत नाहीत. फक्त चालायचं नाही आणि लेनच्या दोरीला धरून पुढे जायचं नाही. मी एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हाताने पायाची बोटं पकडून आपल्याकडे ओढली. गोळा आल्यावर हेच करायचं असतं, पाऊल वर ओढून पोटरी ताणायची.

वर ती मुलगी वाकून बघत होती. “काकू, काय झालं?”

“गोळा.”

बस. ती पुढे काही बोलली नाही. “जाऊ दे काकू” नाही, “चला चला” नाही. तिने अकराचा पुठ्ठा मागे ठेवला, नऊचा घेतला, तो मांडीवर उलटा धरला आणि तशीच बसून राहिली. मला काय वाटलं ते मला धड सांगता येणार नाही. पण त्या पोरीने पुढचा पुठ्ठा काढून ठेवला होता, म्हणजे मी परत येणार हे तिने धरून चाललं होतं. साधारण चाळीस सेकंदांनी दगड थोडा मऊ झाला. मी डाव्या पायाने भिंतीला रेटा दिला आणि निघाले. उजवा पाय नुसता मागून येत होता. हातांनीच पोहत राहिले.

९. ७. वीस फेऱ्या कधीच मागे पडल्या होत्या, म्हणजे आता या फेऱ्या ‘माझ्या’ होत्या. ५ चा पुठ्ठा दिसला त्यानंतर लवकरच शेजारच्या लेनचं पाणी शांत झालं. मान वळवून श्वास घेताना दिसलं, तलावात कुणीच नाही. काठावर पुढच्या शर्यतीची मंडळी टॉवेल गुंडाळून उभी. रोज रात्री दिसायचं तेच चित्र, हुबेहूब!

आणि काय सांगू मुलांनो, त्या चित्राच्या आत गेल्यावर ते अजिबात भीतिदायक नव्हतं. आठही लेनचं पाणी एकदम स्थिर झालं होतं. लाटा नाहीत, कुणाचे पाय नाहीत. सकाळचं ऊन तळापर्यंत गेलं होतं आणि फरशांवर उन्हाची जाळी हलत होती. एवढा मोठा तलाव आणि तो सगळा माझा! मला आईचं वाक्य आठवलं. ओळख होते ती अशी, मी मनात म्हटलं.

३. मग अलीकडच्या काठाजवळ येताना घंटा वाजली. दोन फेऱ्या उरल्या की घंटा वाजवतात. पलीकडे ती मुलगी १ चा पुठ्ठा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभी होती. शेवटची फेरी मी किती जोरात पोहले ते मला माहीत नाही. काठाला हात लागला. घड्याळात ४२ मिनिटं ३८ सेकंद झाले होते.

आमच्या वयोगटात आम्ही पाच जणी होतो. माझा नंबर पाचवा. टाळ्या झाल्या, त्यात पुढच्या शर्यतीची कुडकुडणारी मंडळीही होती. आईने शाल माझ्या अंगावर टाकली आणि पहिला प्रश्न विचारला, “पाणी पोटात गेलं का?” मग थोडा वेळ तलावाकडे बघत राहिली. घरी जाताना रिक्षात म्हणाली, “ते कडेला धरून बुडबुडे सोडायचं असतं ना, ते माझ्या वयाला चालतं का गं?” मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू. डॉक्टर हो म्हणाले. आता ती आठवड्यातून दोनदा माझ्याबरोबर उथळ भागात येते. छातीइतक्या पाण्यात उभी राहते, कठडा सोडत नाही. पण बुडबुडे मात्र झकास सोडते.

तुम्ही म्हणाल, मोठेपणी एवढं शिकता येतं तर आत्ताच कशाला घाई? त्याचं उत्तर माझ्याच जिल्ह्यातल्या एका माणसाच्या आयुष्यात आहे. मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आलं. त्यानंतर ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण! त्यांचं बालपण खेळत गेलं होतं, म्हणून शरीर बदलल्यावरही त्यांना नवी वाट सापडली. उशिरा सुरू करता येतं, हे खरं. पण लवकर सुरू करणाऱ्याला पुढे पुन्हा सुरू करणं सोपं जातं, हेही तितकंच खरं.

तेव्हा येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत शिका. विहिरीत, नदीत, खाणीच्या पाण्यात एकट्याने किंवा मित्रामित्रांनी मिळून जाऊ नका. शिकवणारा जाणता माणूस काठावर हवा, आणि तुमचं लक्ष नसलं तरी त्याचं तुमच्यावर हवं.

आणि हा शेवटचा परिच्छेद आई-बाबांना वाचायला द्या. तुम्ही मुलांना तलावावर घेऊन येता. टॉवेल, चष्मा, डबा सांभाळत तासभर बाकावर बसता. मी रोज बघते. ताई, दादा, मोठ्यांची बॅच सहसा पहाटे असते आणि तिला जागा असते. एक दिवस बाकावरून उठा आणि नाव घालून या. पहिल्या दिवशी फक्त बुडबुडे सोडायचे आहेत.